तेल स्वस्त झालं की ह्यूस्टनमध्ये आधी काय तुटतं

११ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा, म्हणजे डब्ल्यूटीआयचा, भाव पिंपामागे २६ डॉलरवर आला. जून २०१४ मध्ये तो १०७ च्या आसपास होता. भाव असा पाऊणपट कोसळूनही ह्यूस्टन परिसरातल्या एकूण नोकऱ्यांचा आकडा २०१५-१६ मध्ये जवळपास जागच्या जागी राहिला. याच्या अगदी उलट १९८२ चा वसंत. तेव्हा तेल ३० डॉलरच्या वर होतं, त्या काळाच्या मानाने चढंच, आणि तरीही शहरातल्या नोकऱ्या जायला सुरुवात झाली होती. मार्च १९८२ ते जानेवारी १९८७ या काळात ह्यूस्टनने सात नोकऱ्यांमागे एक गमावली.

म्हणजे भाव आणि मंदी यांचं नातं समजतो तितकं सरळ नाही. ह्यूस्टन मुळात तेल विकून जगत नाही, तेल काढायला लागणारं काम विकून जगतं. तेल जिथे निघतं ते पर्मियन खोऱ्यातलं मिडलंड इथून सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. ह्यूस्टनमध्ये आहेत ती मुख्यालयं, भूगर्भशास्त्रज्ञ, ड्रिलिंगचे इंजिनियर, रिगचे (विहीर खणायच्या यंत्रांचे) भाग बनवणारे कारखाने, सिमेंटिंग आणि फ्रॅकिंग (दाबाने खडक फोडून तेल मोकळं करणं) करणाऱ्या कंपन्या आणि या सगळ्यांचे करार लिहिणारे वकील. या साऱ्यांचं पोट एकाच गोष्टीवर चालतं: तेल कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं ड्रिलिंगचं बजेट. भाव १०० वरून ८० झाला आणि बजेट हललं नाही, तर शहराला सर्दीसुद्धा होत नाही. भाव ३२ वर टिकून आहे, पण बजेटं तो अजून खूप चढणार या हिशेबाने आखलेली होती, असं असेल तर शहर झोपतं. १९८२ ला नेमकं हेच झालं. १९८६ ला भाव ३० च्या जवळून १० च्या आसपास घसरला तो दुसरा फटका होता. आधीच खाली पडलेल्याला मारलेली लाथ.

म्हणून इथली जाणती माणसं भाव ऐकतात, पण मोजतात रिग. बेकर ह्यूज कंपनी दर शुक्रवारी अमेरिकेत चालू असलेल्या रिगचा आकडा देते. डिसेंबर १९८१ च्या अखेरीस तो ४,५३० होता, जुलै १९८६ मध्ये ६६३. २०१४ च्या शरदात १,९०० हून जास्त, मे २०१६ मध्ये ४०४, ऑगस्ट २०२० मध्ये २४४. भाव वळल्यापासून रिगचा आकडा वळायला साधारण तीन-चार महिने जातात. एक सावधगिरी मात्र हवी. १९८१ ची रिग आणि २०१६ ची रिग यांची तुलना बैलगाडी आणि ट्रकची आहे. आडव्या विहिरी, एकाच चौथऱ्यावरून सहा-आठ विहिरी, आणि एका विहिरीवरून दुसरीवर स्वतः सरकणारी रिग, यामुळे कमी रिगमध्ये जास्त तेल निघतं. वेगवेगळ्या दशकांचे आकडे शेजारी ठेवू नका. घसरण किती वेगाने होतेय तेवढं बघा.

पहिलं वर्ष कागदावर छान दिसतं

भाव पडल्यानंतर लगेच काहीच घडत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. तेल कंपनीने पुढच्या वर्ष-दीड वर्षाच्या उत्पादनाच्या बऱ्याच भागाचा भाव आधीच बांधून ठेवलेला असतो. याला हेज म्हणतात. पण हेज आहे एवढं ऐकून निर्धास्त होऊ नये, तो कुठल्या जातीचा आहे ते विचारावं. साधा स्वॅप असेल तर ठरलेला भाव मिळतोच. तीन पायांचा कॉलर असेल तर पंचाईत. उदाहरण घेऊ. कंपनीने ८५ डॉलरची तळरेषा विकत घेतली. तिचा खर्च भागवायला १०० च्या वरचा नफा दुसऱ्याला विकला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून ६५ च्या खालची जोखीमही स्वतःच्या अंगावर घेतली. भाव ७० ला आला तर कंपनीला ८५ मिळतात, सगळे खूश. भाव ४० ला आला की मिळतात बाजारातले ४० आणि वर ८५ वजा ६५ म्हणजे २०, एकूण ६०. ज्या खोल खड्ड्यासाठी विमा काढला, त्या खड्ड्यात तो अर्धवटच चालतो.

दुसरा पडदा म्हणजे साठ्यांचं मूल्यांकन. अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाचा नियम असा की वर्षअखेरीचे साठे मोजताना मागच्या बारा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या भावाची सरासरी धरायची. त्यामुळे २०१४ च्या ताळेबंदात साठे सुमारे ९५ डॉलरने मोजले गेले, बाजारात तेव्हा ५० च्या घरात भाव असताना. पुढच्या वर्षी तीच सरासरी ५० वर आली आणि अब्जावधींची मूल्यघट एकदम वह्यांत उतरली. बातम्यांनी मथळे दिले ते २०१६ च्या सुरुवातीला. पैसे तर कधीच गेले होते.

बँका मात्र ही सरासरी मानत नाहीत. त्या स्वतःचा अंदाजी भाव वापरतात, आणि तो सहसा बाजारापेक्षाही सावध असतो. छोट्या-मध्यम तेल कंपन्यांचं कर्ज जमिनीखालच्या सिद्ध साठ्यांवर दिलेलं असतं आणि उचलीची मर्यादा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरला, नव्याने ठरते. मर्यादा ५० कोटींवरून ३५ कोटींवर आणली आणि उचल ४२ कोटींची असेल, तर वरचे ७ कोटी काही महिन्यांच्या हप्त्यांत परत करायचे असतात. ते येणार कुठून? नव्या विहिरी बंद ठेवून. पण शेलच्या, म्हणजे खडक फोडून तेल काढायच्या, विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं. नवी विहीर नाही म्हणजे सहा महिन्यांनी साठा आणखी कमी, म्हणजे ऑक्टोबरला मर्यादा आणखी खाली. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. भाव पडल्यानंतरचा पहिला एप्रिल बहुतेक कंपन्या हेजच्या आधाराने निभावतात. दुसरा एप्रिल भारी पडतो.

मार मधल्या माणसाला

भाव पडल्यावर काही आठवड्यांतच सर्व्हिस कंपन्यांकडे, म्हणजे तेल कंपन्यांसाठी विहिरीची कामं करणाऱ्यांकडे, पत्रं येतात: दर २० ते ३० टक्के कमी करा, नाहीतर दुसरीकडे जातो. मोठ्या कंपन्या हे पत्र तसंच खालच्या पुरवठादाराकडे सरकवतात. पाठोपाठ बिलाचे ३०-४५ दिवस ९० होतात. वायव्येला हायवे २९० च्या आणि बेल्टवे ८ च्या कडेने जी मशीन शॉप्स आहेत, तिथे हा मार सगळ्यात जास्त बसतो, कारण सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनांचे हप्ते तेजीच्या दराने बांधलेले असतात आणि मशीन बंद पडलं तरी हप्ता बंद पडत नाही. त्याच सुमारास रिगवाले नवे भाग घेणं थांबवतात. उभी केलेली रिग दोन प्रकारची असते. एक माणसं कमी करून, पण इंजिनं अधूनमधून फिरवत तयार ठेवलेली. दुसरी पूर्ण गार, बंद. गार रिगचे पंप, झडपा, टॉप ड्राइव्ह काढून चालू रिगवर बसवतात. म्हणजे पाच रिग चालवायच्या तर भाग घ्यायचे कोणाकडून? शेजारी उभ्या असलेल्या दहा रिगकडून, फुकटात. सुट्या भागांचा धंदा रिगच्या आकड्यापेक्षाही जोरात पडतो तो यामुळे. भाव वर आल्यावर याची भरपाई होते, कारण सोललेल्या रिग पुन्हा उभ्या करायला पैसा ओतावा लागतो. तोवर दुकान टिकलं पाहिजे.

थकलेल्या बिलांच्या बाबतीत टेक्सासचा कायदा पुरवठादाराच्या बाजूने बराच आहे, पण तो मुदतीत वापरावा लागतो. विहिरीसाठी माल किंवा काम दिलं असेल तर त्या विहिरीवर आणि खनिजाच्या हक्कावर बोजा चढवता येतो. त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र देणं झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, विहीर ज्या काउंटीत आहे तिथल्या कारकुनाकडे नोंदवायचं. गिऱ्हाइकाचं कार्यालय ह्यूस्टनला आहे म्हणून हॅरिस काउंटीत नोंदवलं तर तो कागद वाया. तुम्ही थेट कंत्राटदार नसून उपकंत्राटदार असाल तर नोंदणीच्या किमान दहा दिवस आधी मालकाला लेखी नोटीस हवी. म्हणजे हातात सहा महिने नाहीत, त्याहून कमी आहेत. आणि बिलावर विहिरीचं नाव किंवा क्रमांक लिहिलेला नसेल, नुसतं 'यार्डात माल पोचवला' असं असेल, तर कुठल्या विहिरीवर बोजा चढवायचा याचंच उत्तर सापडत नाही. तेजीत अशी बिलं कोणी बघत नाही.

गिऱ्हाईक चॅप्टर ११ खाली दिवाळखोरीत गेलं तर दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे. अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत पोचवलेल्या मालाच्या पैशांना अग्रक्रम मिळतो. मालाच्या, सेवेच्या नाही. त्यामुळे एकाच बिलात पाइप आणि वेल्डिंगची मजुरी एकत्र घातली की भांडण ठरलेलं. दुसरा आकडा ९०. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत मिळालेले पैसे परत मागता येतात, जर ते नेहमीच्या रिवाजापेक्षा वेगळ्या तऱ्हेने मिळाले असतील. दारात ठाण मांडून एकदम वसूल केलेला चेक म्हणूनच धोक्याचा. नेहमी ४५ दिवसांनी येणारं पेमेंट नेहमीसारखंच आलं असेल तर बचाव आहे. आगाऊ घेतलेल्या पैशांना हा नियम लागू होत नाही, आणि डळमळीत गिऱ्हाइकाशी आगाऊ रकमेवरच काम करायचं ते यासाठी.

नोकऱ्या कुठल्या क्रमाने जातात

सगळ्यात आधी कंत्राटी माणसं. त्यांच्या जाण्याची बातमी होत नाही, कारण ती कोणाच्या 'कपाती'त मोजली जात नाहीत. आकडेवारीत ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांच्या खात्यात दिसतात. तेल-वायू उत्खननाचा रकाना अजून हिरवा आणि मनुष्यबळ पुरवठ्याचा लाल, असं दिसलं की पुढचे सहा महिने कसे जाणार ते समजावं. मग सर्व्हिस कंपन्या. श्लुम्बर्गरने जानेवारी २०१५ मध्ये जगभरात ९,००० आणि एप्रिलमध्ये आणखी ११,००० कमी करत असल्याचं सांगितलं. तेल कंपन्या शेवटी, आणि त्यांच्यातही आधी शोधकार्य. भूगर्भशास्त्रज्ञाला नारळ आधी मिळतो, हिशेबनिसाला नंतर, कारण नवी विहीर खणायची नसेल तर ती कुठे खणावी हे सांगणारा माणूस लागत नाही, पण जुन्या विहिरीच्या रॉयल्टीचे चेक दर महिन्याला काढावेच लागतात.

सामूहिक कपातीची ६० दिवस आधी नोटीस देण्याचा संघराज्याचा कायदा १९८८ पासून आहे. शंभर किंवा जास्त कर्मचारी असणाऱ्यांना तो लागू. पण एकाच ठिकाणचे ५० हून कमी लोक काढले तर सहसा तो लागू होत नाही. त्यामुळे दर चार महिन्यांनी तीस-चाळीस जणांना काढणारी कंपनी नोटिसांच्या यादीत कधी येतच नाही. नोटिसांच्या यादीवरून मंदीची खोली मोजणारा माणूस फसतो. मासिक रोजगाराचे पहिले आकडेही वळणावर चुकतात, कारण ते नमुना पाहणीवर आधारलेले असतात आणि बंद पडलेली दुकानं उत्तर पाठवत नाहीत. बेकारी विम्याच्या नोंदींवर आधारलेले खरे आकडे काही महिन्यांनी येतात आणि दर वर्षाच्या सुरुवातीला मागचं सगळं दुरुस्त होतं. संथ, पण भरवशाचा आकडा तोच.

विलीनीकरणाच्या घोषणा हा आणखी एक प्रकार. हॅलिबर्टनने नोव्हेंबर २०१४ मध्ये बेकर ह्यूज सुमारे ३४.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. स्पर्धा नियामकांनी हरकत घेतली आणि १ मे २०१६ ला व्यवहार मोडला. हॅलिबर्टनने ३.५ अब्ज डॉलर मोड भरपाई दिली. मधले सतरा महिने दोन बलाढ्य कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार अधांतरी. अशा काळात कपातीपेक्षाही, कोणी नव्याने घेत नाही याचाच गळफास जास्त घट्ट असतो.

व्हिसावर असलेल्यांसाठी गणित निराळं. एच-१बी धारकाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात (हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा), आणि आय-९४ ची (देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी पगाराच्या शेवटच्या दिवसापासून सुरू होते. निरोपाची रक्कम पुढे तीन महिने येत राहिली तरी घड्याळ थांबत नाही, आणि बरेच जण इथे चुकतात. नोकरीतला आरोग्य विमा कोब्रा या कायद्याखाली १८ महिने चालू ठेवता येतो, हप्ता पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत. निवडायला ६० दिवस असतात आणि निवडल्यावर संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं. निवृत्तीच्या ४०१(के) खात्यात स्वतःच्याच कंपनीचे शेअर भरून ठेवणं म्हणजे पगार आणि म्हातारपण एकाच खुंटीला टांगणं. डिसेंबर २००१ मध्ये ह्यूस्टनचीच ऊर्जा कंपनी एन्रॉन बुडाली तेव्हा हे शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी तेजी आली की तेच.

काचेचे मनोरे आणि पहिला मंगळवार

कचेऱ्यांची मंदी सर्वात उशिरा येते आणि सर्वात उशिरा जाते. तेल कंपनी दहा-पंधरा वर्षांचा भाडेकरार करते. माणसं कमी झाली तरी करार तोडता येत नाही, म्हणून रिकामे मजले पोटभाड्याने बाजारात येतात. ह्यूस्टन परिसरात, मुख्यतः पश्चिमेला केटी फ्रीवेच्या कडेच्या एनर्जी कॉरिडॉरमध्ये आणि डाउनटाउनमध्ये, २०१६ साली पोटभाड्याची जागा एक कोटी चौरस फुटांच्या वर गेली. पोटभाडेकरूला टेबल-खुर्च्यांसकट तयार जागा मिळते आणि मूळ कंपनीला काहीतरी हाती लागलं तरी पुरतं, त्यामुळे दर मालकाच्या दराच्या बराच खाली जातो. मग मालकही कागदावरचं भाडं तसंच ठेवून सहा-बारा महिने फुकट देतो, वर आतल्या सजावटीचा खर्च उचलतो. जाहिरातीतला दर बघून बाजार टिकून आहे असं कोणी म्हणालं तर त्याला फुकटचे महिने विचारा. शिवाय मूळ करार संपतो त्या दिवशी पोटभाड्याचा आकडा घटतो आणि मालकाच्या रिकाम्या जागेचा तेवढाच वाढतो. सुधारणा झाल्यासारखी दिसते. झालेलं असतं फक्त स्थलांतर एका रकान्यातून दुसऱ्यात. एक्सॉनमोबिल याच सुमारास उत्तरेला स्प्रिंगजवळच्या ३८५ एकरांच्या नव्या आवारात गेली, तिच्या जुन्या जागाही बाजारात आल्या.

तरी १९८० च्या दशकाशी याची बरोबरी होत नाही. तेव्हा मनोरे गरजेसाठी बांधले जातच नव्हते. १९८१ च्या कर कायद्याने इमारतीचा घसारा १५ वर्षांत घ्यायची मुभा दिली आणि डॉक्टर-वकिलांनी करसवलतीसाठी रिकाम्या इमारतींत पैसा घातला. १९८६ च्या कायद्याने ती सवलत काढून घेतली, नेमकी तेल तळाला असताना. दुष्काळात तेरावा महिना. त्यात १९८२ मध्ये मेक्सिकोच्या पेसोचं अवमूल्यन झालं आणि गॅलेरिया या मॉलमध्ये खरेदीला येणारं मेक्सिकन गिऱ्हाईक आटलं. टेक्सासमध्ये १९८६ पर्यंत बँकांना शाखा उघडायला राज्यघटनेचीच बंदी होती, त्यामुळे बँकांची कर्जं एकाच गावात, एकाच धंद्यात आणि त्या धंद्याच्या इमारतींत अडकलेली. राज्यातल्या दहा मोठ्या बँक समूहांपैकी नऊ बुडाले, विकले गेले किंवा बाहेरून पैसा घेऊन जगले. माझ्या मते ह्यूस्टनची ती मंदी निम्मी तेलाची होती आणि निम्मी कर्जाची. तेल सुधारलं तरी कर्ज सुधारायला नव्वदचं दशक उजाडलं.

घरांच्या बाबतीत टेक्सासची पद्धत झटपट आहे. कोर्टात न जाता जप्ती होते. घर राहतं असेल तर हप्ते भरून सुधारायला किमान २० दिवस, मग लिलावाची २१ दिवसांची जाहीर नोटीस, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. १९८० च्या दशकात त्या मंगळवारच्या याद्या टेलिफोन डिरेक्टरीसारख्या जाडजूड झाल्या होत्या. कमी रोख भरून घेतलेली घरं कर्जापेक्षा स्वस्त झाली आणि लोक किल्ल्या बँकेला धाडून निघून गेले. पुढे एका गोष्टीने बचाव केला. राहत्या घरावर इतर कारणासाठी कर्ज काढायला टेक्सासमध्ये १९९८ पर्यंत परवानगीच नव्हती, आणि आताही असं कर्ज धरून एकूण कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जाता येत नाही. त्यामुळे २०१५-१६ मध्ये अडकली ती वरच्या टोकाची घरं, दहा लाख डॉलरच्या पुढची, ज्यांचं गिऱ्हाईक तेल कंपनीचा अधिकारी होता. मधल्या किमतीची घरं विकली जात राहिली. अपार्टमेंटवाल्यांना मात्र तेजीत सुरू केलेली बांधकामं मंदीत पुरी झाल्याने दोन-दोन महिने भाडं माफ करावं लागलं.

शहराच्या तिजोरीबद्दल एक गैरसमज आहे. तेल उत्पादनावरचा कर (तेलावर ४.६ टक्के, वायूवर ७.५) राज्याला जातो, ह्यूस्टन महापालिकेला नाही. राज्याने १९८६ च्या धड्यानंतर १९८८ मध्ये मतदारांच्या कौलाने राखीव निधी उभारला. त्यात १९८७ च्या पातळीच्या वरच्या तेल-वायू कराच्या जादा उत्पन्नाचा काही भाग जातो. शहर जगतं विक्रीकरावर आणि मालमत्ताकरावर. सव्वाआठ टक्के विक्रीकरात शहराचा वाटा एक टक्का, आणि तो विक्रीनंतर साधारण दोन महिन्यांनी हाती येतो. शहराला मंदी पहिल्यांदा दिसते ती इथे. मालमत्तेचं मूल्य दर वर्षी १ जानेवारीचं धरलं जातं आणि कर वर्षाच्या शेवटी गोळा होतो, त्यामुळे २०१६ मध्ये रिकामा झालेला मनोरा कराच्या पावतीवर २०१७ च्या अखेरीस रिकामा होतो. तोवर महापालिकेच्या बैठकीत सगळं आलबेल.

पूर्वेकडचं दुसरं शहर

पश्चिमेला कपात चालू असताना शिप चॅनेल या जहाजांच्या कालव्याच्या काठी, बेटाऊन-पासाडेना-डिअर पार्क भागात, २०१५ मध्ये वेल्डर मिळत नव्हते. रिफायनरीला कच्चं तेल हा कच्चा माल आहे. तो स्वस्त झाला आणि पेट्रोल-डिझेल त्या मानाने कमी उतरलं की फायदा वाढतो. मोजायची रीत सोपी. तीन पिंपं तेलातून दोन पिंपं पेट्रोल आणि एक पिंप डिझेल धरायचं. समजा तेल ५० डॉलर, पेट्रोल गॅलनला १.६०, डिझेल १.७०. पिंपात ४२ गॅलन. पेट्रोलचं पिंप ६७.२०, डिझेलचं ७१.४०. दोन पेट्रोल आणि एक डिझेल मिळून २०५.८०, त्यातून तेलाचे १५० वजा, उरले ५५.८०, पिंपामागे १८.६०. हा आकडा तेलाच्या भावाबरोबर खाली जात नसेल तर पूर्व बाजू ठीक आहे.

खरी गर्दी मात्र रिफायनरीची नव्हती, पेट्रोकेमिकलच्या बांधकामाची होती. शेलमुळे इथेन वायूचा पूर आला, तो माँट बेल्व्ह्यूच्या मिठाच्या गुहांमध्ये साठू लागला, आणि त्यापासून इथिलीन (प्लास्टिकचा कच्चा माल) बनवणं तेलातून निघणाऱ्या नॅफ्थापेक्षा फार स्वस्त पडू लागलं. नॅफ्थाचा भाव तेलाला बांधलेला, इथेनचा बराचसा नैसर्गिक वायूला. तेल १०० आणि वायू ४ असताना कारखान्यांचे निर्णय झाले. तेल ३० ला आल्यावर तो फायदा पुष्कळ आकसला, पण तोवर पाया भरून झाला होता, आणि अर्धवट क्रॅकर (इथिलीन बनवणारा कारखाना) सोडून कोणी जात नाही. बेटाऊनला एक्सॉनमोबिलचा आणि सीडर बायूला शेव्हरॉन फिलिप्सचा, दोन्ही वर्षाला १५ लाख टनांचे, २०१८ मध्ये सुरू झाले.

म्हणून २०१५-१६ चं श्रेय 'शहराने वैविध्य आणलं' या एका वाक्याला द्यायला मी तयार नाही. मेडिकल सेंटरमध्ये लाखभर लोक काम करतात हे खरं, पण त्या रुग्णालयांत येणाऱ्या अनेकांचा विमा तेल कंपनीच्याच पगारातून येतो. खरी साथ मिळाली ती वेळेची. उरलेली अमेरिका वाढत होती आणि पूर्वेकडची बांधकामं नेमकी तेव्हाच जोरात होती. बँकांनीही या वेळी शहरात इमारतींचं रान माजू दिलं नव्हतं.

२०२० ने ते दाखवूनही दिलं. २०१४ ला भाव पडला तो पुरवठा जास्त झाल्याने. २७ नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत ओपेकने उत्पादन घटवायला नकार दिला होता. अशा घसरणीत तेल वापरणारे फायद्यात असतात आणि पूर्व बाजू पश्चिमेला सावरते. २०२० ला मागणीच गेली. पेट्रोल कोणी घेईना, तेव्हा रिफायनरीचा फायदाही गेला. २० एप्रिलला, मे महिन्याचा वायदा संपायच्या आदल्या दिवशी, डब्ल्यूटीआय उणे ३७.६३ वर बंद झालं, कारण ओक्लाहोमातल्या कुशिंगला माल उतरवून घ्यायला भाड्याने मिळेल अशी जागा टाकीत जवळपास उरली नव्हती. मार्च-एप्रिल मिळून ह्यूस्टन परिसरात साडेतीन लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा हॉटेलं-दुकानांच्या होत्या, तेलाच्या नव्हत्या.

भाव परत येतो तेव्हाही क्रम हाच, फक्त नोकऱ्या तितक्या परत येत नाहीत. मे २०१६ च्या ४०४ रिग २०१७ च्या उन्हाळ्यात ९०० च्या वर गेल्या. आधी कामाला लागल्या त्या खणून अर्धवट सोडलेल्या विहिरी; त्यांना रिग लागत नाही, फ्रॅकिंगचा ताफा लागतो, म्हणून तिथे आधी माणसं घेतली गेली आणि ती मिडलंडला. ह्यूस्टनच्या कचेऱ्यांत पाच जणांचं काम तिघं करायला शिकलेले होते. २०१८ च्या मे महिन्यात भाव ७० च्या वर गेला, तरी एनर्जी कॉरिडॉरमधल्या मजल्यांवर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या तशाच होत्या.